मीटर आधी तपासायचा

नाशिकरोड,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. तेजूस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण भाजी आणायला तिला स्वतःच जायचं असतं. पत्र बघून तुझ्या होस्टेलच्या मैत्रिणी हसतील, हसू देत. फोनवर तू "आईला दे" म्हणतेस आणि मी देतो, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक कबूल करतो. तुझा कॉम्प्युटर मी वापरतो. पुण्याला जाताना तू तो नेला नाहीस, तेव्हापासून धूळ खात पडला होता. विकायचं ठरलं म्हणून चालू करून बघितला आणि तुझ्या खेळाच्या रेकॉर्डिंगांत अडकलो. मग बंदूक घेऊन पळायचा तो खेळ मीही खेळून पाहिला. विमानातून उतरतो आणि दोन मिनिटांत मरतो. तू मात्र सगळे साथीदार गेल्यावर अकरा मिनिटं एकटी टिकलीस, आणि जिंकलीस. ते मी सात-आठ वेळा बघितलंय. सकाळच्या फिरायच्या मंडळींनाही मोबाइलवर दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण मी सोडलं नाही.

गेल्या महिन्यात वाटलं, आपलाही पराक्रम रेकॉर्ड करून कोंडाजीला पाठवावा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात माझ्या शिफ्टला होता तो. तर रेकॉर्डिंग लावलं की खेळ अडखळायचा, आणि व्हिडिओत बंदूक इथून तिथे एकदम उडी मारायची. माझा हात काही इतका चपळ नाही. म्हणून शेजारी मोबाइल उभा करून पडद्याचंही शूटिंग घेतलं. मोबाइलमध्ये बंदूक नीट सरकत गेलेली दिसते, रेकॉर्डिंगमध्ये त्याच क्षणी उडी.

आठवडाभर डोकं खाजवलं. कारण साधं निघालं. खेळ आणि रेकॉर्डिंग, दोन्हींचा लोड एकट्या प्रोसेसरवर. झेपेना की तो रेकॉर्डिंगमधली मधली चित्रं गाळून टाकायचा. मी रेकॉर्डिंगचं काम ग्राफिक्स कार्डाकडे दिलं, त्यात त्यासाठी वेगळी सोय असते. व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर साठवायला लावला. खेळही सेकंदाला साठ चित्रांवर बांधला, म्हणजे कार्डावर ताण येत नाही. आता खेळ अडखळत नाही आणि उडीही दिसत नाही. साठी उलटल्यावर हे जमलं म्हणून आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मेलात तर नेहमीसारखेच."

मी कुठे निघालोय ते तुझ्या लक्षात आलं असेल. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे तू घरी रेकॉर्ड करून पाठवलेल्या व्हिडिओत जी उडी होती, नेम आपोआप साधणारं सॉफ्टवेअर लावलंय म्हणत ज्यावरून तुला लबाड ठरवलं, ती हीच. तुझ्या जुन्या सेटिंगवर मी ती हवी तेव्हा करून दाखवू शकतो. तू तेव्हा रडत सांगत होतीस, "पप्पा, मी काही लावलेलं नाही, रेकॉर्डिंगच तुटतंय."

कंट्रोल रूममध्ये नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच सांगायचो. सुई उडाली की मीटर आधी तपासायचा, दुसऱ्या मीटरशी ताडून बघायचं, माणसाला नंतर विचारायचं. एकतीस वर्षं हे सांगितलं आणि घरी आल्यावर विसरलो.

आता जे दोन वर्षं लिहिलं नाही, बोललो नाही, ते. तुला वाटतं बंदी त्या व्हिडिओमुळे आली. व्हिडिओवरून स्पर्धेवाल्यांना फक्त शंका होती. तू सतरा वर्षांची, म्हणून फोन मला आला. मुलीने असं काही केलं असेल का, विचारत होते. मी म्हणालो, "केलं असेल. तिच्या वतीने मी माफी मागतो." मला वाटलं, माफी मागितली की प्रकरण मिटेल आणि तू बारावीच्या अभ्यासाला लागशील. त्यांनी ती कबुली धरली. गंगापूर रोडच्या हॉलमधली तुझी फायनल तिथेच गेली.

आईला परवा सांगितलं. तिने जेवायला वाढलं, पण तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

दोन्ही व्हिडिओ आणि माझ्या सहीचं निवेदन मी स्पर्धेवाल्यांना पाठवलं होतं. मुलीने काही कबूल केलेलं नाही, न विचारता मी केलं, असं स्पष्ट लिहिलं. काल त्यांचं उत्तर आलं. बंदी उठवली आहे, उन्हाळ्यातल्या स्पर्धेत तू नाव देऊ शकतेस. त्यांचं पत्र सोबत जोडलंय. खेळायचं की नाही ते तू ठरव. नाही खेळलीस तरी त्या अकरा मिनिटांचा मला अभिमान आहे, आणि तू खरं बोलत होतीस याचा त्याहून जास्त.

त्या दिवशी तुझ्या वतीने मी परक्या माणसांची माफी मागितली. तुझी कधीच मागितली नाही. आज मागतो.

तुझ्या उत्तराची वाट बघणारे, आणि ते नाही आलं तरी समजून घेणारे,
तुझे पप्पा