अल सुलैची यादवी

अल सुलै, रियाध
२७ जानेवारी १९९१

आदरणीय जुबेदाबुबूस,
धाकट्या शाहिदचा सलाम, वि. वि. मी खुशाल आहे, तुम्हा सर्वांची खुशाली अल्लाकडे मागतो.

पहिल्यांदा अम्मीला सांग की मी जिवंत आहे. मग तिला चुलीकडे पाठव आणि पुढचं एकटीने वाच.

बाहेरची लढाई तुम्ही रेडिओवर ऐकताच. आमच्या खोलीतली यादवी मात्र कुठल्याच रेडिओवर लागत नाही, म्हणून लिहितो. गोदामामागच्या या खोलीत आपल्या मोहल्ल्यातली आठ माणसं राहतात, हे तुला माहीत आहे. बदरुद्दीनचाचा थोरले, म्हणून त्यांना सगळे सुलतान म्हणतात. मी त्यांच्या चिठ्ठ्या लिहितो आणि स्वयंपाकाच्या बाऱ्यांचा तक्ता आखतो, म्हणून मी वजीर.

विषारी वायूच्या भीतीने इथे प्रत्येकाने घरातली एक खोली चिकटपट्टीने बंद करून ठेवली आहे. आमच्याकडे बिनखिडकीची जागा एकच, ती म्हणजे कोठी. आणि कोठीत गावाहून आलेले बोंबील, सुकट आणि खारवलेली सुरमई. हारूनचाचा म्हणाले की माणसं आत जाणार असतील तर मासळी बाहेर काढा. सुलतान म्हणाले की मासळी बाहेर ठेवली आणि तिला वायू लागला, तर लढाई संपल्यावर खायचं काय? एवढ्यावरून दोन पक्ष झाले. चार माणसं सुलतानांची, तीन हारूनचाचांची, आणि मधे मी. दोन चुली, दोन ताटं. दोघे चुलतभाऊ, पण एकमेकांना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागतात.

परवा शुक्रवारी माझी बारी होती. चपात्यांचं पीठ मळून हात धुवायला उठतो तोच भोंगा झाला. आठही जण कोठीत शिरलो. नंतर जे झालं त्यात कोठीचं दार फुटलं. सगळे सुखरूप आहेत. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण कागद संपत आला आहे.

माझी अडचण तू ओळखली असशील. मला नोकरीला लावलं सुलतानांनी, आणि इफराचे वडील हारूनचाचा. बोलणी झाली आहेत, मंगनी राहिली आहे. मी कोणाच्या ताटात जेवू?

आपल्या मोहल्ल्यातला इसहाक जेद्द्याहून विमानाने गावी येतो आहे, त्याच्याकडे हे पत्र देतो. अम्मीला सलाम, तुझ्या छोट्यांना पापे. माझ्यावर आहे ती माया तशीच असू दे.

तुझा भाऊ,
शाहिद

---

मोहल्ला, ता. मंडणगड
८ फेब्रुवारी १९९१

चि. शाहिदास,
बुबूच्या अनेक दुआ. वि. वि. तुझं पत्र पोचलं. कागद संपला म्हणतोस, आणि पाठची अख्खी बाजू कोरी! तुला काही सांगायचं नसलं की तुझा कागद लहानपणापासून असाच संपतो.

इथे आता तुमच्या दाराशिवाय दुसरा विषय नाही. हारूनचाचांनी तुमच्या खोलीतल्या फकरुद्दीनकडून पत्र लिहवून घेतलं की सुलतानांनी दाराला कुलूप घालून चावी लपवली आणि आठ जणांना बोंबलांसकट मारायचा बेत केला. त्याच इसहाकबरोबर सुलतानांचा निरोप आला की कुलूप हारूननेच घातलं आणि मग घाबरून दारही त्यानेच फोडलं. इफराच्या अम्मीने, शरफुन्निसाचाचीने, मला हाक मारून सांगितलं की वजीर सुलतानांचा माणूस आहे असं ऐकते, तेव्हा मंगनीचं सध्या राहू दे. मी म्हटलं की आमचा वजीर कोणाचाच नाही, तो मांजर अंगावर आलं तरी आधी सलाम करतो. ती हसली, पण तिने तारीख काही दिली नाही.

तुमची खोली आपल्या मोहल्ल्याच्या जमातीची आहे, म्हणून निवाडाही जमात करणार. जो दोषी ठरेल त्याने खोली सोडायची. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने सगळी हकीकत लिहावी आणि ती जुम्म्याच्या नमाजानंतर वाचावी, असं ठरलं. दोन्ही पक्षांनी नाव दिलं ते तुझंच. बाकीच्यांचं अक्षर कोणाला लागत नाही म्हणे.

खरं ते लिही. आणि लवकर लिही, अम्मी रेडिओ उशाला घेऊन बसली आहे. जेवण वेळेवर घे, मग ताट कोणाचंही असो.

तुझी,
जुबेदाबुबू

---

अल सुलै, रियाध
१६ फेब्रुवारी १९९१

मोहल्ला जमातीच्या सर्व बुजुर्गांस,
नम्र सलाम, वि. वि. सुलतानांचा वजीर या नात्याने, समोर जे पाहिलं त्याची तवारीख क्रमाने लिहितो.

शुक्रवार, २५ जानेवारी. इशाच्या नमाजानंतर भोंगा झाला. सुलतान सर्वांत आधी कोठीत गेले आणि सुरमईच्या टोपलीवर बसले. हारूनचाचा सर्वांत शेवटी आले आणि नाकाला ओला टॉवेल लावून दाराशी उभे राहिले. दिवा मालवावा अशी सुलतानांची आज्ञा झाली, ती पाळण्यात आली. त्यानंतर दाराच्या फटींना तीन पदरी चिकटपट्टी लावण्यात आली. घाईत कोणी दार उघडू नये म्हणून ते कुलूपबंद करण्यात आलं. चावीच्या भोकातून वायू येऊ नये म्हणून ते कणकेने बुजवण्यात आलं.

दहा मिनिटांनी उकाडा वाढला आणि मासळी जागी झाली. हारूनचाचा ओरडले की वायू आला. सुलतान म्हणाले की तो वायू नव्हे, बोंबील आहे. हारूनचाचा म्हणाले की चाळीस वर्षं बोंबील खाल्ले, बोंबलाचा वास मला शिकवू नकोस. फकरुद्दीनने मोठ्याने कलमा म्हणायला घेतला. मग सुलतानही म्हणाले की दार उघडा. ते उघडेना. तेव्हा दोन्ही पक्षांनी मिळून तांदळाची गोणी दारावर तीन वेळा आपटली. या यादवीत दोन्ही पक्षांनी एकत्र केलेलं काम हे एवढंच. हारूनचाचा टॉवेलसकट अंगणात पळाले, आणि शेजारच्या गोदामाचा पठाण चौकीदार त्यांना पाहून आपल्या खाटेखाली गेला. सुलतान टोपली छातीशी धरून बाहेर आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मासळीमुळे असावं.

याखेरीज मला काही दिसलं नाही, कारण अंधार होता.

आपला आज्ञाधारक,
शाहिद

---

मोहल्ला
२७ फेब्रुवारी १९९१

चि. शाहिदास,
दुआ. वि. वि. तुझी तवारीख मी जमातीकडे दिलेली नाही. का, ते सांगते.

काल इफरा आली होती. वडिलांबद्दल काय लिहिलं आहे ते आधी पाहू दे म्हणाली. मी दिली. टॉवेलाच्या ठिकाणी ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिने सगळं दुसऱ्यांदा वाचलं आणि तुझं पहिलं पत्रही मागितलं. (तेही दिलं. रागावलास तर रागाव.) दोन्ही कागद शेजारी ठेवून तिने मला एकच विचारलं, की त्या रात्री हाताला कणीक कोणाच्या होती?

मग ती म्हणाली की यात माझे बाबा आहेत, बदरुद्दीनचाचा आहेत, पठाणाची खाटसुद्धा आहे, फक्त लिहिणारा कुठेच नाही. सगळं आपोआप लावण्यात आलं, बुजवण्यात आलं. ज्या माणसाच्या स्वतःच्या तवारिखीत तोच सापडत नाही, त्याच्याशी निकाह लावून मी घरात बोलू कोणाशी?

शाहिद, ती रागाने बोलली नाही, म्हणून मला जास्त काळजी वाटते. तवारीख वाचायचा जुम्मा दोन आठवड्यांवर आहे. हाच कागद वाचला गेला तर दोघांपैकी एका म्हाताऱ्याची जागा तुझ्यामुळे जाईल. तुला एवढं चांगलं ओळखणारी मुलगी मग जन्मात मिळायची नाही. मी तवारीख पिठाच्या डब्यात ठेवली आहे. पुढचं तू ठरव.

लढाई थांबेल असं रेडिओ म्हणतो. तुझीही थांबव.

तुझी,
बुबू

---

अल सुलै, रियाध
८ मार्च १९९१

आदरणीय बुबूस,
सलाम, वि. वि. पहिली तवारीख चुलीत घाल. नवी सोबत आहे. तिच्यात नवीन शब्द थोडेच आहेत: पट्टी मी लावली, कुलूप मी घातलं, चावी माझ्या खिशात होती, कणीक मीच भरली.

पण पाठवण्याआधी ती इथे वाचून दाखवणं मला योग्य वाटलं. काल दुपारच्या जेवणाआधी दोन्ही ताटांच्या मधे उभा राहिलो. चावीच्या ओळीपर्यंत आलो. सुलतानांनी विचारलं की दार फुटेपर्यंत चावी तुझ्या खिशातच होती? मी हो म्हटलं. कणीक सुकली होती, चावी आत जाईना, आणि ते सांगायची हिंमत झाली नाही.

मग सुलतान उठले. हारूनचाचाही उठले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा दोघे एकमेकांशी थेट बोलले, आणि बोलले ते फक्त माझ्याविषयी. एकाने गाढव म्हटलं की दुसरा त्यात भर घालायचा. एकाला आठवेना तो शब्द दुसरा पुरवायचा. माझ्या सुंतेला कोण किती रडलं इथपर्यंत मागे गेले. दमल्यावर हारूनचाचा सुलतानांच्या ताटाशी बसले आणि म्हणाले की बदरू, बोंबील सरकव इकडे.

निवाडा झाला. वजिरी काढून घेतली आहे. रमजान संपेपर्यंत आठही जणांची भांडी मी घासायची, आणि नवं दार मी बसवायचं, सुलतान शेजारी उभे असताना. खोलीतून कोणालाच जावं लागणार नाही.

माझ्या मंगनीबद्दल हारूनचाचा दिवसभर काही बोलले नाहीत. आज सकाळी त्यांनी मला कागद-पेन घेऊन यायला सांगितलं. फकरुद्दीन रिकामा बसला होता, तरी मलाच सांगितलं. ते पत्र याच पाकिटात आहे. शरफुन्निसाचाचीला पोचतं कर. तू वाचू नकोस असं सांगितलं तरी वाचशीलच, म्हणून सांगत नाही.

अम्मीला सांग की मला भूक लागते, झोप लागत नाही. तुझी छाया माझ्यावर अशीच राहो.

शाहिद

---

अल सुलै
८ मार्च १९९१

सौ. शरफुन्निसास,
हारूनचा सलाम. वि. वि. मी सुखरूप आहे, बदरूही सुखरूप आहे. आमचं भांडण मिटलं.

हे पत्र शाहिद लिहितो आहे. मी सांगतो ते शब्दाला शब्द लिहायचं, असं त्याला बजावलं आहे. तेव्हा लिही: पोरगा घाबरट आहे. लिहिलंस? पोरगा घाबरट आहे. अकलेने बेताचा. त्याने आम्हा आठ जणांना कोंडलं आणि सहा आठवडे तोंड मिटून बसला. पण काल सगळ्यांसमोर उभा राहून बोलला, आणि कोणीही त्याला पकडलेलं नसताना बोलला. मी त्याच्या वयाचा असतो तर चावी वाळूत पुरली असती.

माझ्याकडून हरकत नाही. ईदनंतरचा दिवस धरावा. मात्र इफराला विचार. तिच्यावर जोर नको. तिच्या मनात काय आहे ते जसंच्या तसं कळव: हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, आणि का नाही तेही. काही गोड करून लिहू नकोस. मला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझं उत्तर आलं की सर्वांना बसवून, मोठ्याने, हाच वाचून दाखवणार आहे.

मुलांना दुआ. घराकडे लक्ष असू दे, आणि माझ्याकडेही.

तुझा,
हारून