सूर सोडून बोललेलं

मु. भाजे,
मार्गशीर्ष वद्य ३, शके १८४०

तीर्थस्वरूप भिमाजीदादास धाकट्या नथूचा साष्टांग दंडवत.

हितं समदी खुशाली. भात झोडून झालं. तांबडी गाय व्याली, कालवड झाली.

आई तापाच्या साथीत गेली, दसऱ्यानंतर. तुझंच नाव घेत व्हती.

वडिवळ्याचा अंबाजी भादव्यात पलटणीतून रजेवर आला, त्यानं तुझी खबर सांगितली. गोळीनं गळा फाटला, आवाज गेला, इस्पितळात हातानं खुनावतोस. तवा आई जिती व्हती. मी अंबाजीला शेतातूनच माघारी लावला. आता त्याचा निरोप आलाय, तुला घरी सोडनार म्हनं. म्हनून ह्यो कागद.

दादा, डफ हाती देताना तू म्हनलावतास, "पवाड्यात सूर सोड, पर ताल सोडू नगंस. असं बोल की मानसाला वाटावं, गानं थांबलं, आता ह्यो खरं बोलतोय."

गेल्या शिमग्यात वडगावच्या बाजारात माझ्या पवाड्यातनं लोक उठून जाया लागले. मी सूर सोडला. तुनतुनं चालूच व्हतं. साध्या आवाजात बोललो, "माझा दादा बी असाच पडला, बसऱ्याच्या लढाईत. पानी मागत गेला." उठलेली मानसं खाली बसली. शेवटचा शबुद सुरात उचलला, तशा बाया रडाया लागल्या.

त्यात तुझी झुंबर व्हती. बांगड्या फोडायच्या आधी मला इचारलं, "भावजी, खरं का वो?"

तवा तुझी काईच खबर न्हवती. नुसता पवाडा हाय, एवढं सांगता आलं असतं.

मी म्हनलो, "व्हय."

आता गावोगाव तेवढंच ऐकाया बोलावत्यात. नथूला सूर न्हाई, असं तू चारचौघांत हसून सांगायचास. आता सूर कोन मागतंय?

आनखी एक. वैशाखात झुंबरसंगं पाट लावला. तिला दिवस गेल्यात. तू जिता हाईस, हे तिला ठावं न्हाई. तू दारात दिसलास तर ती इंद्रायनीत जीव दील, पोटातल्या लेकरासकट. ते तुझ्या माथी. अन् मला जाब इचारशील कशानं? तोंड उघडशील, नुसती वाफ यील.

तवा येऊ नगंस. सोमवारी कारल्याला तुझाच पवाडा हाय. लय मानसं येनार.

कळावे,

कै. भिमाजीचा भाऊ,
नथू शाहीर