भगवंतरावांची सिस्टर

बेंगळूर,
१२ सप्टेंबर १९९४

प्रिय नीलाअक्का,
सप्रेम नमस्कार. तुम्ही हुबळीत सगळे बरे असाल. बाळाला दात आले का? मी कालच हॉस्टेलवर परतले. जेवणाचं मात्र विचारू नकोस.

कालचा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आई तुला तिच्या पद्धतीने कळवेलच. देवनहळ्ळीच्या त्या स्थळाला तिने सांगितलं होतं, मी 'मेडिकल'ला आहे. मी भांडले तर म्हणाली, "स्वल्प फरक गं, लग्नानंतर कोण विचारतंय?" माझा नर्सिंगचा युनिफॉर्म ती मागच्या दारी वाळत घालते, तुला माहीतच आहे.

मुलाचे वडील भगवंतराव काठी टेकत आत आले आणि मी त्यांना लगेच ओळखलं. मागच्या महिन्यात पाय मोडून ते आमच्याच वॉर्डात होते. अंग पुसण्यापासून भांडं देण्यापर्यंत सगळं मीच केलेलं. आता बिंग फुटणार म्हणून चहाचा ट्रे धरून उभी राहिले. त्यांनी मला नीट निरखलं, आणि अक्का, ओळखलंच नाही! वॉर्डात त्यांनी माझ्या तोंडाकडे कधी पाहिलंच नव्हतं.

वर आईला म्हणतात, "डॉक्टरकीची गोष्ट वेगळी. त्या नर्सपोरी कुणाच्याही अंगाला हात लावतात. घरंदाज मुलीचं काम आहे का ते?" आई मान डोलावत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ते खुर्चीत एका बाजूला कलून बसले होते. मी म्हटलं, "काका, पडून राहून पाठीमागे झालेली ती जखम अजून भरली नाही का? रोज मीच ड्रेसिंग करत होते."

चहा तसाच राहिला. मंडळी गेल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "गुरुवारी हॉस्टेलवर न्यायला येतो, सामान बांधून ठेव. कॉलेज बंद."

मी सामान बांधलेलं नाही. आप्पांशी भांडेन, जमलं तर तूही ये. पण काल झोप लागली नाही ती आप्पांमुळे नाही. आम्ही दिवा हातात घेऊन शपथ घेतली होती, पेशंटचं दुखणं बाहेर बोलायचं नाही. मी ते त्यांच्या मुलासमोर, चारचौघांत बोलले. म्हातारा लाजेने कानापर्यंत लाल झाला, आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. त्यांनी नर्सला हलकं मानलं, पण शपथ मोडली मी.

उद्या ट्यूटरबाईंना सगळं सांगणार आहे. त्यांनी काढून टाकलं तर आप्पांना यायचीही गरज नाही. ठेवून घेतलं, तर गुरुवारी कुणी हात धरून ओढलं तरी मी जाणार नाही.

तुझी,
उद्यापर्यंत तरी नर्स असलेली,
सौम्या