गुडघ्याएवढी गोटी

दि. ११ मार्च

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. तुझी आई ठीक, तुझा मामा तर नेहमीच ठीक असतो. त्याला ठीक ठेवता ठेवता मामी जरा वाळली आहे, एवढंच. तू जेवणाची आबाळ करू नकोस. पुस्तकातल्या पोरांना गुबगुबीत गाल काढायचे आणि स्वतः मात्र खारीसारखं काहीबाही कुरतडून दिवस ढकलायचा, हे बरं नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. एक तर घसा अजून बसलेला आहे. दोन वाक्यं बोललो की बिजागरीसारखा करकरतो. आणि या घरात मी फोन कानाला लावला की मामा टीव्हीचा आवाज कमी करतो. कागद बरा, त्याला शेजारी नसतात.

तर सध्या माझा हवापालट चालू आहे. हवापालट म्हणजे हवा बंद. समोर एक सुतार खुर्च्यांना पॉलिश मारतो, त्याचा वास नको म्हणून मामानं माझ्या खोलीची खिडकी लावून तिच्या फटीत चिंध्या कोंबल्यात. खोली चांगली आहे. पलंग, टेबल, आणि मामाचं कपड्यांचं कपाट. सकाळी त्याला मोजे हवे असले की स्वतःच्या घरात दारावर टकटक करतो आणि विचारतो, "भावजी, येऊ का?" मी म्हणतो, "ये, तुझंच घर आहे." रोज तोच विनोद आणि रोज तो हसतो. माणूस गोड आहे, हीच अडचण आहे. वाईट माणसाच्या घरातून उठून जाता येतं.

गोटीची हकिकत आईनं तुला अर्धीमुर्धीच सांगितली असणार, तिला मधेच रडायची घाई असते. पहिल्यापासून सांगतो.

खेळण्यांच्या दुकानदाराला दाराशी ठेवायला एक काचेसारखी गोटी हवी होती. गुडघ्याएवढी, आरपार दिसणारी, आत निळ्या-पिवळ्या रंगाचा पीळ. आपण कारखान्यात दुकानांसाठी हातभर रुंद बटणं केली, माणसाएवढा कंगवा केला. त्या कंगव्याशी डोकं टेकवून लोक अजून न्हाव्याच्या दुकानात फोटो काढतात. पण ते सगळं आतून पोकळ. वर कवच आणि आत हवा, निम्मी दुनिया तशीच चालते. गोटीत मात्र लबाडी चालत नाही. आरपार म्हटली की भरीवच लागते.

रेझिन एकदम जाड ओतलं तर काय होतं, ते तुला सांगायला नको. हार्डनर मिसळला की ते घट्ट होताना आतून तापतं. पातळ थर असला तर ताप निघून जातो. जाड असला तर आतच कोंडतो आणि माल स्वतःच्याच उष्णतेनं भाजतो. म्हणून रोज बोटभर थर ओतायचा, तो निवू द्यायचा, मग पुढचा. लहानपणी तू साच्यापाशी उकिडवी बसून "हा झोपला का?" म्हणून विचारायचीस, ते हेच.

दुकानदाराचे फोनवर फोन. शेवटचे थोडे थर राहिले होते. साच्यांवरच्या पहिलवानानं विचार केला, मालकांना कशाला त्रास, आणि ते सगळे एकदम ओतून मोकळा झाला. मी माझ्या काचेच्या केबिनमध्ये होतो. सुट्टीत ती केबिन बघून तू म्हणालीस, "बाबा आता साहेब झाले." मी हसून चहा मागवला. साहेब वगैरे काही झालो नव्हतो. वर्षभरापासून ओतकामाजवळ गेलो की पापण्या सुजत होत्या, मान लाल होत होती. म्हणून मधे काच घातली.

त्या दुपारी पंखे घरघरत होते, भोपू नेहमीसारखा शेजारच्या माणसाशी गावाला ऐकू जाईल असं बोलत होता, आणि त्या सगळ्या गोंगाटाखाली मला एक बारीक आवाज आला. गरम पेल्यात बर्फाचा खडा टाकावा तसा. टक्. मग जरा थांबून पुन्हा, टक्. मी काच बडवली. पहिलवानानं हात हलवून "आणतो" म्हटलं, त्याला वाटलं मला चहा हवा. मग साच्याच्या तोंडातून धूर निघाला.

गेलो आत. मास्क शोधत बसलो नाही. सगळ्यांना बाहेर हाकललं, पहिलवानानं आणि मी साच्याची ट्रॉली ढकलत अंगणात नेली. कुणाला इजा नाही, छप्पर जागेवर. भोपूला सांगायला वळलो की त्यावर पाणी मारू नकोस, आणि तोंडातून शब्दच फुटेना. गळा आवळत चालला होता. नळी चिमटीत धरून कुणी फुंकायला सांगावं तसा श्वास.

गोटी वाया गेली नाही, हेही सांगून टाकतो. आत तडे गेले, जरा पिवळट पडली. दुकानदार बघायला आला, तिच्याभोवती फिरला आणि म्हणाला, "ही वीज आत कशी घातलीत?" पहिलवान मान खाली घालून उभा. भोपू म्हणाला, "मालकांची खास पद्धत आहे. सांगत नाहीत कुणाला."

दवाखान्यातली डॉक्टर तुझ्याच वयाची. म्हणाली, "काका, तुमच्या अंगाला हे आता चालत नाही." मी म्हटलं, "थोडं थोडं चालवून घेऊ." ती म्हणाली, "अंगाशी घासाघीस होत नाही." खारू, मी आयुष्यभर घासाघीस करून उभा राहिलेला माणूस. पहिल्यांदाच कुणीतरी एकच भाव सांगणारं भेटलं. कारखाना नाही. कारखान्याचा जिना नाही. जिन्यावरचं आपलं घरही नाही. कुणाच्या कपड्यांवरून आलेली धूळसुद्धा नाही.

म्हणून आई घरून काही आणायला गेली की परत येऊन आधी न्हाणीघरात शिरते. डोक्यावरून पाणी घेते, लुगडं बादलीत बुडवते आणि मग दारात उभी राहून विचारते, "जवळ येऊ का?" इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी विचारायचो, तोही भांडण झाल्यावर.

पहिलवान येतो अधूनमधून. त्याला आत घेता येत नाही आणि मला खिडकी उघडता येत नाही. तो रस्त्याच्या कडेला, मी इकडे, मधे काच. परवा नवं बटण पोटाशी धरून आला. म्हणाला, "मालक, ऐका." आणि बोटाच्या पेरानं कडेकडेनं ठोकत गेला. मी काचेला कान लावला.

"डाव्या भोकाखाली बुडबुडा राहिलाय."

त्यानं तिथेच पुन्हा ठोकलं. "मला नाही कळत."

"तुला कळलं असतं तर तू मालक झाला असतास."

"मग करा की," तो म्हणाला. दोघेही हसलो. त्याचं हसू आधी थांबलं. बटण खाली टेकवून म्हणाला, "ताई येणार असं वहिनी म्हणत होत्या. आल्या तर आम्ही त्यांच्या हाताखाली राहू, लाज नाही त्यात. पण नसतील येणार तर आताच सांगा. भोपूला दुसरीकडून बोलावणं आलंय. तो गेला तर मी एकटा साचे कसे उचलू?"

तेवढ्यात मागून मामा. "भावजी, शेजारचे विचारतात, तुमच्या खिडकीत बटण घेऊन कोण उभं राहतं?"

आता तुझं पत्र. "नोकरी सोडते, महिनाअखेरीला येते, कारखाना मी बघते." असं सरळ लिहिलंस, जसं काही दूध आणायला खाली जातेस.

ते वाचून मी इतक्या जोरात उठलो की मामाच्या कपाटाच्या दारावर कपाळ आपटलं. टेंगूळ आलं. आईला म्हटलं, पाय घसरला. तिला पत्र दिलं तर ती वाचता वाचताच म्हणाली, "आत्ता लिहा, ये म्हणून." मी कागद ओढला आणि लिहिलंही. ये. त्यापुढे काही लिहिता येईना.

मला तू यायला हवी आहेस, हे लपवत नाही. पाट्या रंगवणारा मी, एका शिंप्यानं दारावर टांगायला मोठी कात्री मागितली आणि तिथून हे सगळं उभं राहिलं. साचा सुटतो तेव्हा जो एक आवाज येतो, चिखलातून पाय निघाल्यासारखा, तो ऐकून तुझा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय. माझाही तसाच होतो. असं माणूस कारखान्याला दुसरं मिळणार नाही. मी इथे बसून काचेतून सांगेन, तू तिकडे करशील, असे मनात मांडे खाऊन झाले.

पण माझे कान मला सुखानं मांडे खाऊ देत नाहीत.

सुट्टी संपवून तू परत गेलीस, त्यानंतरचा तुझा फोन आठव. तू तुमच्या संपादकबाईंची नक्कल करून दाखवत होतीस. मी हसत होतो. आणि तुझ्या बोलण्याखाली एक आवाज चालू होता. कोरड्या लाकडावर पॉलिश पेपर फिरवावा तसा. खरखर, मग बंद, मग पुन्हा खरखर. मी विचारलं, "काय करतेस गं?" तू म्हणालीस, "काही नाही, पेन्सिल घासतेय."

बाळ, पेन्सिलीचा आवाज मला माहीत आहे. कातडीवर फिरणाऱ्या नखांचाही माहीत आहे. तो मी वर्षभर पांघरुणाखाली आईला चोरून केला आहे. मग मला सगळी सुट्टी आठवली. एवढ्या उकाड्यात तू पूर्ण बाह्या घालून ओतकामावर काम करत होतीस. आई म्हणाली, पोर कशी सोज्वळ झाली. मी काचेमागून बघत होतो. पाणी प्यायला हात वर केलास की दुसऱ्या हातानं बाही खाली ओढायचीस. माझंही मनगटांपासूनच सुरू झालं होतं.

म्हणजे तुला माहीत आहे. माहीत असून येते म्हणतेस.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी धरणारा माणूस, सोडायची सवय नाही. पण तू आलीस तर हळूहळू तुझाही श्वास असाच अडेल, आणि तेव्हा हातात पेन्सिल धरवेल की नाही कुणास ठाऊक. एका घरात काचेमागे बसलेला एक माणूस पुरे झाला.

काल पहिलवान आणि भोपू दोघांना खिडकीशी बोलावलं. सांगितलं, साचे, ट्रॉल्या, गिऱ्हाइकं, आता सगळं तुमचं. पाटीवर काय नाव लावायचं ते लावा. अट एकच, मास्कशिवाय आत कुणी पाऊल टाकायचं नाही, मी काचेला कान लावून बसलेलो आहे. भोपूचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बारीक झाला. आज सकाळी वकील कागद घेऊन आला. त्याच टेबलावर सही केली ज्यावर हे पत्र लिहितोय.

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू आली असतीस.

आई माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतं, म्हाताऱ्याला स्वतःच्या पोरीवर भरवसा नाही. खरं कारण मी सांगितलेलं नाही. मनगटं तुझी आहेत, तू सांग. तोवर मी तिचं ऐकून घेईन, या खोलीत दुसरं काम तरी काय आहे. दूर कुठेतरी दोन खोल्या बघायच्या आहेत, पण मामा म्हणतो, "घाई काय आहे, भावजी?" आणि खरंच काही घाई नाही. तेच मला सहन होत नाही.

महिनाअखेरीला ये, पण रजा काढून ये. त्याआधी तिकडच्या त्वचेच्या डॉक्टरला हात दाखव, आणि साबण बदलला वगैरे थापा मारू नकोस, रेझिन म्हणून सांग. कारखान्याकडे वळू नकोस, थेट इथे ये. आणि येताना अर्ध्या बाह्यांचं काहीतरी घालून ये. मला एवढंच बघायचं आहे.

तुझा,
आता कशाचाच मालक नसलेला,
बाबा