ताऱ्यावर तारा

ती. आईस, लांबूनच पाया पडते.

तुझा स्वेटर ऊब देतो. खोकलाही जवळजवळ गेलाय.

आकाशाचे माझे फोटो फसत होते. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला की तारे सरकून रेघा उमटायच्या, कमी ठेवला की फोटोभर नुसते रवाळ दाणे. मग शिवण शिकवतानाचं तुझं ओरडणं आठवलं, “लांब टाका नको, कापड ओढलं जातं!” म्हणून थोड्याथोड्या वेळाचे पुष्कळ फोटो काढले. तू खिशाची चौकडी शर्टाच्या चौकडीवर बसवतेस, तसे कॉम्प्युटरवर ताऱ्यावर तारा ठेवून ते एकत्र केले. दाणे विरले, तारे टपोरे राहिले.

कॉलेजात सरांनी विचारलं, “कुठे शिकलीस?” म्हटलं, “घरी.”

डोळ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंस का गं? फोटो सोबत आहे. आता ते करूनच घे, आणि डोळ्याची पट्टी निघाली की बघ. कुठे जोड दिसला, तर उसवायला सांग.

तुझीच,
धाकटी