पाचव्या दिवसाच्या खुणा

प्रिय ठकू,

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. फोनवर तू मध्येच गप्प होतेस, मग मीही हवापाण्यावर घसरते. लिहिताना तरी तसं होणार नाही.

काल आजारी जनावरं न्यायला गाडी आली. सात गायी गेल्या. मागच्या खेपेच्या चार धरल्या तर अकरा. आपली ठेंगणी काही केल्या चढेना, शेवटी मीच पाठीवर हात ठेवून तिला वर नेलं. कास दगडासारखी कडक, मागचे दोन सड कामातून गेलेले, दाबले की पिवळट पाणी आणि गाठी. तरी मी जवळ गेले की बिचारी पान्हा सोडायला बघायची. तुझे बाबा बाहेर आलेच नाहीत. ते धारा काढायचं मशीन खोलून एकेक नळी पुसत बसले होते. आता ते कुणाला लावणार, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दुधाच्या तपासणीचा प्रयोगशाळेचा अहवाल अजून टेबलावरच आहे. सात औषधं, आणि सातही औषधांपुढे तेच: या जंतूंवर चालत नाही. गोठ्यातली सगळी कार्डं जमिनीवर मांडून तू रविवारभर बसली होतीस. कुठल्या गाईला कुठलं औषध, किती दिवस, सगळं ताडून पाहिलंस. पाच दिवसांच्या पाच खुणा, एकही सुटलेली नाही. मग म्हणालीस की देण्यात खोट नाही, म्हणजे औषध निवडण्यात माझंच चुकलं. मी चहा टाकायला उठले.

तू डॉक्टर झालीस तेव्हा पहिली गाय आपलीच तपासलीस आणि तिनं तुला सरळ शेणात बसवलं, आठवतं? हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं. तुझ्या बाबांनी तर गावभर सांगितलं, पण सांगताना ऊर किती भरून आला होता त्यांचा! आता ते तुझं नावही काढत नाहीत. रागानं नव्हे गं, काढलं की रडू येतं.

आता ऐक. पाचव्या दिवसाच्या खुणा खोट्या आहेत. चौथ्या दिवसाच्याही, आणि बहुतेक वेळा तिसऱ्याच्याही. दुसऱ्या दिवशी गाठी गेल्या, दूध साफ दिसलं की मी सडात औषधाची ट्यूब सोडणं थांबवायचे. गाय बरी झाली हे माझ्या हाताला कळतं, असा मला केवढा तोरा! शिवाय औषध चालू आहे तोवर दूध मोरीत ओतायचं, ते माझ्यानं होईना. जीव तुटायचा. मग ते मी वासरांना पाजायचे. उरलेल्या ट्यूब डब्यात ठेवून पुढच्या गाईला वापरायचे, त्याही अर्ध्यामुर्ध्या. अर्धमेले सोडलेले जंतूच निबर होतात, हे तू मला दहादा समजावलंस. मी मान डोलवली आणि तू रागावू नयेस म्हणून कार्डावर खुणा करत राहिले. चार वर्षं.

परवा जावयांचा फोन आला होता. तू राजीनामा लिहून ठेवलायस, जनावराला हात लावायला धजत नाहीस, जेवत नाहीस. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही, म्हणून हे पत्र. हे तुझ्या साहेबांना दाखव, हवं तर सगळ्यांसमोर वाच. तू दिलेलं औषध बरोबर होतं, मी ते दिलंच नाही. गायी परत येणार नाहीत, शेजारच्या गोठ्यातही दोघींची कास सुजली आहे, आणि तू पुन्हा या दारात येशील अशी आशा मी धरत नाही. पण राजीनामा फाडून टाक. बाबांना मी आज जेवण झाल्यावर सांगणार आहे.

तू म्हणशील तोवर तुझीच,
आई