प्रश्नात षष्ठी नाही

६ जानेवारी २०२५, सोमवार. नेर.

वर्ष उशिरा सुरू करतो आहे, पण पक्के. दवाखान्यातल्या राखी सिस्टरने मोबाइलमध्ये शुगरचे अ‍ॅप टाकून दिले. गोळी, जेवण, चालणे, पाय. रोज हेच प्रश्न. सगळे ‘हो’ झाले की एक हिरवे पान उगवते. पेशंटांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि प्रत्येकाला एक जोडीदार. जोडीने एकमेकांवर लक्ष ठेवायचे. मला इकबाल मिळाला. कापडाचे दुकान आहे त्याचे. दहावीत माझा विद्यार्थी होता, मराठीत काठावर पास. त्याची जबाबदारी माझ्यावर का टाकली, हे उघड आहे.

सौ. पांढरकवड्याला, आमच्या लेकीच्या, प्रेरणाच्या बाळंतपणासाठी. घरात मी एकटा. शिस्त सोपी जाईल.

७ जानेवारी. सकाळ.

इकबालला व्हिडिओ कॉल. म्हटले, तळपाय दाखव. खाटेवर बसून त्याने दोन्ही दाखवले. भेगा आहेत, जखम नाही. मग म्हणतो, “सर, आता तुमचे.” मी विषय बदलला. शिक्षकाने विद्यार्थ्याला तळपाय दाखवायचे नसतात.

अ‍ॅपचा प्रश्न : पाय पाहिले का? कोणाचे, ते लिहिलेले नाही. प्रश्नात षष्ठी नाही. मी पाय पाहिले. हो. पहिले पान.

(स्वतःचा तळवा पाहायला वाकावे लागते. पोट मध्ये येते. पोट कमी झाले की पाहीन.)

१२ जानेवारी, रविवार.

ग्रुपमधल्या धनसिंगच्या वावरात रोडग्यांचे जेवण. इकबालच्या स्कूटरवर गेलो. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, तूप, वांग्याची भाजी. अ‍ॅपच्या यादीत रोडगा हा पदार्थच नाही. जे यादीत नाही ते कसे नोंदवणार? भाजी नोंदवली.

जेवणाआधी देवाला जायचे म्हणून सगळे अनवाणी. कपाशीची पऱ्हाटी नुकतीच कापलेली, खुंट जमिनीत तसेच. बाकीचे उड्या मारत, ओरडत चालले. मी सरळ चाललो. धनसिंग म्हणाला, “गुरुजी, तुमाले टोचत नाही काय जी?” नाही टोचत. पूर्वी तळपायांची आग व्हायची, तीही दिवाळीपासून बंद आहे. निश्चयाचा परिणाम.

येताना एक चप्पल वाटेत पडली. दाराशी उतरल्यावर इकबालला दिसले. “सर, चप्पल पडली अन् तुमाले समजलंच नाही?” मी म्हणालो, डोक्यात विचार चालू होते. तो म्हणाला, “मी डोक्याचं नाही, पायाचं विचारून राह्यलो.” चेहरा उगाच गंभीर. “दाखवा बरं पाय.” मी दार लावून घेतले.

१४ जानेवारी. संक्रांत.

तिळगुळात तीळ असतात. ‘तीळ’ यादीत आहे. हो.

इकबालचे पुन्हा पाय-पाय. त्याच्या मोठ्या भावाचा, मुजफ्फरचा, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. एका फोडावरून. तेव्हापासून हा घाबरट झाला आहे. त्याला धीर देणे माझे काम आहे.

१६ जानेवारी.

बैठकीच्या फरशीवर डाग. तपकिरी, ओळीने. पुसले.

आज रक्ततपासणी होती. पुढे ढकलली. पाने हिरवी असताना रक्त कशाला?

१८ जानेवारी.

पुन्हा डाग. शेजारच्या चंदाबाईची मांजर. तिला जाऊन सांगितले. ती म्हणाली, “गुरुजी, माही मांजर मरून वर्ष झालं.” मग दुसऱ्या कोणाची तरी.

घरात वास. उंदीर मेला असावा. कपाटामागे पाहिले. नाही.

१९ जानेवारी.

चादरीवरही एक डाग. म्हणजे मांजर पलंगापर्यंत आली. खिडक्या लावल्या.

अंगात थोडी कणकण. थंडी आहे.

२० जानेवारी.

खिडक्या बंद, दारे बंद. तरी डाग. मांजर नव्हे.

सौ.चा फोन. आवाज बारीक का, म्हणाली. ताप आहे का? गोळ्या घेता का? चप्पल घालता का घरात? “तुमी खोटं बोलून राह्यले, मले समजते.” काही सांगितले नाही. बाळंतिणीच्या घरात चोराची गोष्ट कशाला?

पण घरात कोणीतरी येते. हे आता नक्की.

२१ जानेवारी.

योजना तयार. सौ.चा रांगोळीचा डबा काढला. झोपताना सगळ्या फरशीवर पातळ रांगोळी चाळणीने पसरली. येणारा सापडणार.

२२ जानेवारी. सकाळी ६.

सापडला. रात्री नेहमीप्रमाणे लघवीला तीन-चारदा उठलो, अंधारात कोणी दिसले नाही. पण ठसे आहेत! अनवाणी, मोठे पाऊल. उजव्या अंगठ्याखाली दर वेळी ओला, काळपट गोळा. माणूस बाथरूमपर्यंत गेला आणि परत आला. काही नेले नाही. चालण्यावरून जड आणि बेसावध वाटतो.

फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिले : हा पाय कोणाचा? ओळखणाऱ्याने ताबडतोब कळवावे. घाईतही षष्ठी सुटली नाही.

६.२०. धनसिंग : “भूत असन गुरुजी.” भुताचे पाय उलटे असतात. हे सुलटे आहेत. तसे कळवले.

६.२५. राखी सिस्टर : “सर, अंगठ्याखाली ओलं काय आहे? आहात तिथंच बसा. चालू नका.” चोर माझ्या घरात आणि चालायचे मी नाही. मुलगी गोंधळलेली दिसते.

इकबालच्या स्कूटरचा आवाज. दार वाजते आहे.

२२ जानेवारी. दुपार. यवतमाळ, हॉस्पिटलमध्ये.

इकबाल दारातच उभा राहिला. ठसे पाहिले. म्हणाला, “सर, हा माणूस तुमच्या पलंगावरून उतरून राह्यला.”

मी म्हणालो, हो.

“पलंगावर कोण झोपते?”

मला खुर्चीवर बसवले. पाय मांडीवर घेतला. मी नको म्हणालो. “सर, आज तरी चूप बसा.” पऱ्हाटीच्या खुंटाचे टोक अंगठ्याखाली आतच मोडलेले होते. त्याने ते चिमटीत धरून थोडे हलवले. मला काहीच कळले नाही. अजिबात नाही.

सौ.ला फोन त्यानेच केला. “काकू, घाबरू नका,” म्हणत होता आणि स्वतः रडत होता.

२ फेब्रुवारी. हॉस्पिटल.

अंगठा काढला. पाऊल सध्या राहिले आहे. पुढचे जखमेवर.

इकबालला विचारले, जोडी लावताना राखीने तुला काय सांगितले होते? तो सफरचंद कापत होता. म्हणाला, “सरांवर लक्ष ठेव म्हणे. ते स्वतः पाह्यणार नाहीत.”

राखीने प्रश्न बदलून घेतला आहे. स्वतःचे पाय पाहिले का? भाषेच्या दृष्टीने आता निर्दोष.

सकाळी पट्टी सोडली. इकबाल वाकून पाहत होता. सौ. पाहत होती. मी पंखा पाहिला.

संध्याकाळी अ‍ॅपने विचारले. बोट ‘हो’वर नेले. बराच वेळ तिथेच ठेवले. ‘नाही’ दाबले.

पान उगवले नाही. खाली अक्षरे आली : काही हरकत नाही. उद्या पुन्हा प्रयत्न करा.